दुष्काळातली न मोजलेली वर्षे

बुलढाणा जिल्ह्याची १९०१ सालची खानेसुमारी पाहिली तर लोकसंख्या दिसते ४ लाख २३ हजार ६१६. दहा वर्षांत शेकडा १२ माणसे कमी झालेली! (खामगाव आणि जळगाव हे तालुके तेव्हा अकोल्याकडे होते, ते १९०५ साली आपल्याकडे आले, म्हणून हा आकडा आजच्या जिल्ह्याशी ताडून पाहू नये.) १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाडाची ही दशा केली.

किती माणसे घटली हे सरकारने मोजले. पण जी बारा-पंधरा वर्षांची पोरे जगली, त्यांचे पुढे काय झाले?

दुष्काळी कामांवर पुरुष, बाई आणि मूल अशी मजुरी वेगवेगळी ठरलेली असे. म्हणजे पोराने टोपली उचलायची, हे हिशेबातच धरलेले. पाऊस पडला की कामे बंद. पोर घरी आले, तर दावणीला बैल नाही, घरात बियाणे नाही आणि पाटीवर बसायचे वयही निघून गेलेले. मग दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राहायचे, नाहीतर मिळेल तेव्हा मजुरी. दुष्काळ दोन वर्षांचा, पण त्या पोराला तो जन्मभर पुरला.

१९७२ च्या दुष्काळात राज्याने माणसे जगवली, हे मोठेच काम झाले. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. मात्र खडी फोडून पोट भरते, हुन्नर हाती येत नाही. आणि आईबाप कामावर गेले की धाकटी भावंडे सांभाळायला थोरली मुलगीच घरी राहणार.

हे दुखणे केवळ आपलेच नव्हे. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा अभ्यासकांनी वर्षानुवर्षे माग ठेवला. तरुणपणी बराच काळ बेकार राहिलेल्या पुरुषांची मजुरी बेचाळिसाव्या वर्षीही शेकडा १३ ते २१ नी कमी भरली. तिकडे तर बेकारभत्ता होता, आपल्याकडे कर्ज.

आपल्या जिल्ह्यासाठी असा माग कोणी ठेवावा? गुरुजी, शाळेच्या कपाटातले जुने दाखल-खारीज रजिस्टर काढा, १९७२ ते ७४ ची पाने उघडा. शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने त्यात असतात. कारण एका शब्दात उरकलेले असले, तरी त्यातली कितीतरी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत, गावातच आहेत. त्यांना पारावर गाठून विचारता येईल.