रात्री नऊची रांग

अंधेरीहून बोरिवलीला पाठवलेला ईमेल अमेरिकेला वळसा घालून यायचा, असं सांगितलं तर आज कुणाला पटणार नाही. पण दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं असली आणि त्या कंपन्या देशात एकमेकींना जोडलेल्या नसल्या, तर तसंच व्हायचं. २००३मध्ये निक्सी उभं राहिलं ते याचसाठी.

ऑक्टोबर २००६मध्ये ट्रायनं ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम काढले, त्यात हा वळसा आकड्यांत दिसतो. निक्सीपर्यंतच्या पिंगला १२० मिलिसेकंद, समुद्राखालच्या केबलनं परदेशापर्यंत ३५०. पॅकेट हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत. आणि माझा आवडता नियम: गर्दीच्या तासाला कंपनीची वरची लिंक ८० टक्क्यांहून जास्त भरलेली नको. गर्दीचा तास म्हणजे काय, हे घाटकोपरला लोकल बदलणाऱ्याला समजवायला नको. लिंक शंभर टक्क्यांच्या जवळ गेली की पॅकेटांची रांग हळूहळू नाही, एकदम फुगते. ते वरचे २० टक्के वाया जात नाहीत, तीच श्वास घ्यायची जागा.

खरी मेख मात्र वाटणीत होती. २००४च्या धोरणानुसार ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. २००९मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं, घरगुती ग्राहकांसाठी एकाच बँडविड्थवर जास्तीत जास्त पन्नास जण ठेवा. आता गणित करा. पन्नासही जण एकदम बसले तर प्रत्येकाला जेमतेम पाच केबीपीएस. १९९५मध्ये व्हीएसएनएलचं डायल-अप ९.६ द्यायचं! अर्थात सगळे एकदम बसत नाहीत, या भरवशावरच सगळं चालतं, आमची सर्व्हरची गणितंसुद्धा. पण व्हिडिओ आल्यावर रात्री नऊला खरंच सगळे बसू लागले.

मग प्रश्न उरला, थांबायचं कुणी? फेब्रुवारी २०१६मध्ये ट्रायनं वेबसाइट पाहून वेगळा दर लावायला बंदी केली. २०१८च्या परवाना-अटींनी मजकूर बघून कुणाला मागे ढकलायलाही मनाई केली, वाजवी ट्रॅफिक नियोजन तेवढं चालेल. हा निर्णय मला सगळ्यांत मोठा वाटतो. रांग असू दे, पण पैसे चारून पुढे घुसायची सोय नको.

मोजमापात मात्र फट राहिली. तिमाहीच्या सरासरीत पहाटे तीनची रिकामी लिंक रात्री नऊची भरलेली लिंक झाकून टाकते. २००६च्या नियमांची जागा २०२४मध्ये नव्या नियमांनी घेतली. त्यांत मोबाइलचा हिशोब तिमाहीऐवजी दरमहा मागितला आहे. महिन्यातही पहाटे तीन तीसदा वाजतातच.