‘हॅव’ या क्रियापदाचा अर्थ आणि मल्याळम् भाषक

केरळमधून परदेशी गेलेली एखादी परिचारिका रुग्णाच्या नोंदीत ‘द पेशंट हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ असे लिहिते. रुग्णाला तीन दिवसांपासून ताप आहे, असे तिला म्हणायचे असते. इंग्रजी मातृभाषा असलेला डॉक्टर मात्र त्यातून ‘तीन दिवस ताप होता, आता नाही’ असा अर्थ घेतो. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, तरीही रुग्णाची स्थिती उलटी कळली. तिथे ‘हॅज हॅड’ हवे होते. ‘हॅव’ हे क्रियापद इंग्रजीच्या पहिल्या धड्यात भेटते, पण मल्याळम् भाषकाला ते शेवटपर्यंत चकवत राहते. त्याचे कारण मल्याळम् वाक्याच्या घडणीत आहे.

स्वामित्वाचे क्रियापद नसलेली भाषा

इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि वस्तू, नातेवाईक, आजार, वेळ या साऱ्यांचा जणू धनी ठरतो. मल्याळम् मध्ये असे क्रियापद नाही. तिथे ‘असणे’ या अर्थाचे ‘उण्डु’ वापरतात आणि माणूस चतुर्थीत जातो. ‘एनिक्कु रण्डु सहोदरन्मार उण्डु’ म्हणजे शब्दशः ‘मला दोन भाऊ आहेत’. ‘एनिक्कु पनियुण्डु’ म्हणजे ‘मला ताप आहे’. ‘वीडिनु मून्नु मुऱियुण्डु’ म्हणजे ‘घराला तीन खोल्या आहेत’. नकारासाठी ‘इल्ल’ येते : ‘एनिक्कु समयमिल्ल’, अर्थात ‘मला वेळ नाही’. एखादी वस्तू जवळ आहे असे सांगताना ‘एन्टे पक्कल्’, म्हणजे ‘माझ्यापाशी’, असाही प्रयोग होतो. मल्याळम् द्राविड कुळातली आणि मराठी आर्य कुळातली असली, तरी या बाबतीत दोघींची रचना एकच आहे. म्हणून पुढील विवेचन मराठी वाचकालाही आपलेच वाटेल.

‘हॅव’ की ‘हॅज’

ए. आर. राजराजवर्मा यांनी ‘केरळपाणिनीयम्’ या व्याकरणग्रंथात (१८९६) मल्याळम् तमिळपासून वेगळी कशी झाली, हे सांगताना ‘पुरुषभेदनिरास’ हे एक लक्षण नोंदवले आहे. क्रियापदातील पुरुषाचा भेद मल्याळम् ने टाकून दिला. मी आलो, तू आलास, ती आली, ते आले या सर्वांसाठी तिथे एकच रूप आहे : ‘वन्नु’. ज्या भाषेत कर्ता बदलला तरी क्रियापद बदलत नाही, तिच्या भाषकाच्या तोंडी ‘ही हॅव’ सहज येते. हा आळशीपणा नव्हे, मातृभाषेचे वळण आहे. मराठी भाषकाला क्रियापद बदलण्याची सवय असते, त्यामुळे ही अडचण त्याला तुलनेने कमी भासते.

स्थिती आणि कृती

‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हा प्रयोग केरळातच नव्हे, तर भारतभर ऐकू येतो. भाऊ असणे ही स्थिती आहे, ती चालू-बंद होत नाही. म्हणून ‘हॅव’ जेव्हा ‘उण्डु’च्या जागी येते, तेव्हा त्याला ‘इंग’ लावायचे नाही. मात्र ‘आय अॅम हॅविंग लंच’ अगदी बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणे, ही कृती आहे. मल्याळम् मध्येही तिथे ‘उण्डु’ येत नाही, ‘कऴिक्कुक’ हे वेगळे क्रियापद येते. मनातल्या मल्याळम् वाक्यात यांपैकी कोणते क्रियापद आहे, हे पाहिले की निर्णय होतो.

‘हॅज हॅड’चे मर्म

पूर्ण वर्तमानकाळात ‘हॅव’ साहाय्यक क्रियापद होते. ‘आय हॅव कम’ला मल्याळम् मध्ये ‘ञान् वन्निट्टुण्डु’ म्हणतात. येथेही शेवटी तेच ‘उण्डु’ आहे, जसे मराठीत ‘मी आलो आहे’ यात ‘आहे’ असते. त्यामुळे हा प्रयोग फारसा कठीण जात नाही. अडचण येते ती पूर्वी सुरू होऊन अद्याप टिकलेल्या स्थितीची. ‘पनि तुडङ्ङियिट्टु मून्नु दिवसमायि’ म्हणजे ‘ताप सुरू होऊन तीन दिवस झाले’. मल्याळम् आणि मराठी दोन्ही भाषा येथे दिवस मोजतात, ताप अजून आहे हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत ते क्रियापदालाच सांगावे लागते : ‘हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’. यातील ‘हॅज’ आजपर्यंतचा काळ जोडते आणि ‘हॅड’ ताप असण्याची स्थिती सांगते. ‘सिन्स थ्री डेज’ हेही चूक. ‘सिन्स’नंतर सोमवारसारखा आरंभबिंदू येतो, कालावधीसाठी ‘फॉर’ लागते.

‘हॅव टू’ आणि त्याचा नकार

‘एनिक्कु पोगणम्’ यात इच्छा आणि गरज दोन्ही सामावतात, मराठीच्या ‘मला जायचे आहे’प्रमाणे. इंग्रजीत इच्छेला ‘वाँट टू’ आणि भाग पडण्याला ‘हॅव टू’. ‘पोगेण्डि वन्नु’, म्हणजे ‘जावे लागले’, याला मात्र निःशंकपणे ‘हॅड टू गो’ म्हणावे.

नकारात धोका अधिक आहे. ‘पोगण्ड’ म्हणजे ‘जायची गरज नाही’ आणि ‘जाऊ नको’ही. मराठीतील ‘गोळी घ्यायला नको’ असेच दुहेरी आहे. इंग्रजीत ‘यू डोंट हॅव टू टेक इट’ म्हणजे घेतली नाही तरी चालेल, तर ‘यू मस्ट नॉट टेक इट’ म्हणजे घेण्यास मनाई. जिथे मनाई अभिप्रेत आहे तिथे पहिले वाक्य उच्चारले, तर रुग्ण ती गोळी घेऊही शकेल.

दुसऱ्याकडून करविणे

‘मुडि वेट्टिच्चु’ यात ‘केस कापविले’ असे प्रयोजक रूप आहे. इंग्रजीत ते क्रियापदाच्या रूपाने होत नाही, ‘हॅव’ची मदत लागते : ‘आय हॅड माय हेअर कट’. ‘आय कट माय हेअर’ म्हटले, तर कात्री स्वतःच्याच हातात होती असा अर्थ होतो.

सारांश, ‘हॅव’चा एकच प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. ‘उण्डु’, ‘कऴिक्कुक’, ‘इट्टुण्डु’, ‘एण्डि वरुक’ आणि प्रयोजक रूप ही पाच दारे एकाच इंग्रजी शब्दाकडे जातात. आपण कोणत्या दारातून येत आहोत हे मातृभाषेत आधी ओळखले, तर इंग्रजी वाक्य सहसा चुकत नाही. परीक्षेत त्यामुळे गुण वाचतील, रुग्णालयात मात्र त्याहून मोलाचे काही वाचेल.