जत्रा एका गावाची नसते

गुढीपाडवा झाला, की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणपासून आळेफाट्यापर्यंतच्या कुठल्याही एस.टी. स्टँडवर जरा थांबून भिंतीकडे पाहावं. भिंत जत्रांच्या जाहिरातींनी भरलेली असते. वर भैरवनाथाचा, खंडोबाचा किंवा मुक्ताईचा फोटो. खाली ओळीनं कार्यक्रम : पहाटे अभिषेक, सकाळी मांडवडहाळे, दुपारी बैलगाडा शर्यती, संध्याकाळी हारतुरे, रात्री पालखीचा छबिना आणि त्यानंतर लोकनाट्य तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी निकाली कुस्त्यांचा जंगी आखाडा. गाव बदलतं, देव बदलतो, पण हा क्रम फारसा बदलत नाही.

आपण सारे ही पत्रकं वाचतो आणि विसरतो. मी गेली बरीच वर्षं ती जमवतो आहे. इतिहासाच्या माणसाला जुना कागद दिसला की हात शिवशिवतात, आणि ही पत्रकं तर फुकट मिळतात! ती शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. लागून असलेल्या दोन गावांच्या जत्रा सहसा एका दिवशी येत नाहीत. एका गावची चैत्र शुद्ध अष्टमीला, शेजारच्या गावची पौर्णिमेला, ओढ्यापलीकडच्या गावची वद्य अष्टमीला, तर पुढच्या गावची अक्षय्य तृतीयेला. काही गावं तर तिथी न धरता वारच धरतात. हा योगायोग असेल का? मला तसं वाटत नाही. हे कुणी एका बैठकीत बसून ठरवलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयी-गैरसोयींतून बसत गेलेलं वेळापत्रक आहे. आणि ते एका गावाचं नव्हे, तर सबंध खोऱ्याचं आहे.

हे खोरं म्हणजे जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांचा सह्याद्रीच्या पूर्वेकडचा उतार. कुकडी, मीना, घोड, भीमा या नद्या डोंगरातून निघून पूर्वेला वाहतात. पुण्यापासून शिरवळपर्यंतच्या खोऱ्यांना जशी बारा मावळं म्हणत, तशी जुन्नरपासून चाकणपर्यंतच्या खोऱ्यांना बारा नेहेरं म्हणत. मीनेचं ते मिन्नेर, कुकडीचं ते कुकडनेर. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटातून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग इथूनच जात होता. घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणाला लोक आजही जकातीचा रांजण म्हणतात. जुन्नरभोवतीची लेणी याच वाहत्या रस्त्याच्या आधारानं उभी राहिली.

थोर विद्वान दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीचा हा सारा मुलूख पायी हिंडले होते. 1962 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी एक विचार मांडला : आपली कित्येक ग्रामदैवतं, विशेषतः मातृदेवतांची ठाणी, जुन्या पायवाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं आहेत, आणि यात्रांच्या वाटा या गुरंढोरं घेऊन ऋतूप्रमाणे हिंडणाऱ्या माणसांच्या प्राचीन वाटा आहेत. प्रत्येक गावच्या देवाला हे लागू पडेलच असं नाही. पण जत्रा समजून घ्यायची तर देवळात बसून चालणार नाही, वाट पाहावी लागेल, हे त्यांनी शिकवलं.

आता प्रश्न असा, की या जत्रा उन्हाच्या ऐन तडाख्यात का? याचं उत्तर पंचांगापेक्षा शेतात सापडतं. धरणं नव्हती तेव्हा रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा फाल्गुनात निघायचा. खळं उठलं की घरात धान्य यायचं, बैल मोकळे व्हायचे आणि माणसांच्या हाताला उसंत मिळायची. ही उसंत जेमतेम दोन महिन्यांची. पुढे रोहिण्या लागल्या, की पेरणीपूर्व मशागत अंगावर येणार आणि मृग निघाला की मान वर करायला फुरसत नाही. शिवाय चैत्र-वैशाखात नद्या-ओढे कोरडे असल्यानं बैलगाडी कुठूनही पार जाते, उघड्यावर हजार माणसं झोपू शकतात आणि पौर्णिमेच्या आसपास चांदण्याचा उजेड फुकट मिळतो. धान्य घरात, पाणी आटलेलं, आकाश निरभ्र, बैल रिकामे. या चार गोष्टी वर्षात एकदाच जुळत.

जत्रेत फिरणाऱ्या माणसांकडे पाहिलं, की तारखा वेगळ्या का, हे कळतं. गोडीशेव आणि रेवड्यांची पालं लावणारा एकच व्यापारी आठवडाभरात चार गावं करतो. पैलवान आज इथल्या आखाड्यात इनाम घेतो, परवा दहा कोसांवरच्या. बैलगाडे, पाळणेवाले, बांगड्या भरणारे, वाजंत्री, सारे या वेळापत्रकावर जगतात. दोन शेजारी गावांनी एकच दिवस धरला, तर दोघांचीही जत्रा अर्धीच भरेल. त्याहून महत्त्वाचे ते पाहुणे. या खोऱ्यातल्या लेकी बहुतेक याच खोऱ्यात दिलेल्या. जत्रेला लेक माहेरी येते, जावई येतो, व्याही येतात. आज तुम्ही आमच्याकडे पुरणपोळी खाल्लीत, आठ दिवसांनी आम्ही तुमच्याकडे. ही परतफेड व्हायची, तर तारखा वेगळ्या हव्यातच. कितीतरी सोयरिकी जत्रेतच ठरत आणि पुढे वैशाखात त्यांची लग्नं लागत.

या फिरत्या जगाची राजधानी म्हणजे नारायणगाव. पाडव्याच्या सुमाराला इथं तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच येतात, राहुटीत बसून चहा घेतात, फडात कोण कलावंत आहेत ते विचारतात आणि आपल्या तिथीची सुपारी देतात. ज्या तिथीला जास्त गावांच्या जत्रा, त्या तिथीचा भाव जास्त. सबंध खोऱ्याचं पंचांग इथं रुपयांत मोजलेलं दिसतं. दसऱ्यापासून कनात लावून तिकिटावर खेळ करणाऱ्या फडांची वर्षाची खरी कमाई या दोन महिन्यांत होते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या इथल्याच मातीतल्या. वडील-चुलत्यांचा, भाऊ-बापूंचा फड त्यांनी पुढे नेला, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळवला आणि 2002 साली त्या गेल्या. दिवस भरलेले असताना खेळ सुरू असतानाच त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत या भागात आजही सांगितली जाते. सांगणारे ती कौतुकानं सांगतात. मला मात्र ती ऐकताना दरवेळी वाटतं, की त्या रात्री खेळ थांबवायची सोय त्या बाईला नव्हती, हा तिचा खरा अर्थ आहे. सुपारी घेतली होती, आणि पुढच्या गावाची तारीख वाट पाहत होती.

इथं जत्रेच्या दुसऱ्या बाजूकडे वळावं लागतं. ‘सगळं गाव एक होतं’ असं आपण जत्रेबद्दल सहज बोलून जातो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 1915 सालचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ वाचला, की हे ‘एक होणं’ कसं होतं ते उमगतं. बलुतेदारांच्या कामांची आणि हक्कांची जी उतरंड त्यांनी तपशिलानं टिपली आहे, तीच जत्रेच्या मानपानात उभी राहत असे. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, देवापुढे कोण उभं राहणार आणि देवळाबाहेर उन्हात कुणी वाजवायचं, सारं जन्मानं ठरलेलं. मानाच्या नारळावरून भाऊबंदांत कज्जे होत. मात्र ज्यांच्या वाट्याला मानाऐवजी नुसतं काम आलं होतं, त्यांना कज्जा करायचीही सोय नव्हती.

हे चित्र हललं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनं. 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत बौद्ध झालेल्या कुटुंबांनी जत्रेतली परंपरागत कामं सोडली. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनंही संपली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं होतं, की जत्रेतलं वाजवणं सोडल्याची कधी चुटपुट लागली का? ते म्हणाले, ‘‘चुटपुट कशाची? त्या दिवशी पहिल्यांदा मी जत्रा बघितली!’’ जत्रेच्या इतिहासावर याहून नेमकं भाष्य मी अजून कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. जुनी जत्रा गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे वाक्य मनाशी ठेवावं. काही गेलं, ते जायलाच हवं होतं.

जत्रेचा पैसाही बदलत गेला. आधी वर्गणी धान्यात, मग घरटी पट्टी रोख. एका गावात मला यात्रा कमिटीची जुनी वही पाहायला मिळाली. गॅसबत्त्यांचं भाडं, घासलेट, वाजंत्री, पैलवानांचं इनाम, तमाशाची सुपारी, पाहुण्यांच्या बैलांचा चारा, असा सारा हिशेब त्यात होता. त्याच वहीत पुढे ‘मुंबईकर मंडळी’ अशी वेगळी नोंद सुरू होते आणि पानागणिक फुगत जाते. गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठांत गेलेल्या माणसांनी गावाशी नातं राखलं ते जत्रेच्या वर्गणीतून. 1982 साली गिरणी संप झाला. कितीतरी घरांचा पगार बंद झाला आणि माणसं गावी परतली. वहीच्या त्या पानांवर मुंबईकरांची नोंद एकदम लहान झालेली दिसते. मुंबईतल्या संपाचा इतिहास असा खोऱ्यातल्या देवळाच्या वहीतही लिहिला गेला आहे.

दरम्यान कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले. ऊस, कांदा, टोमॅटो आला. पाण्यानं खोऱ्यात सुबत्ता आणली, पण चैत्रातली ती उसंत नेली. आता रानात बाराही महिने काम असतं. नांगराची जागा ट्रॅक्टरनं घेतली आणि दावणीचा बैल कमी झाला. जो उरला, तो कित्येक ठिकाणी शर्यतीपुरता. आमच्या भागात शर्यत घाटात होते. चढावर एका वेळी एकच गाडा पळतो, पुढे घोडेस्वार, आणि स्पर्धा घड्याळाशी. 2011 साली केंद्र सरकारनं बैलांच्या खेळांवर निर्बंध घातले. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. बैलाला होणाऱ्या यातनांचा मुद्दा खरा होता. नियम पाळले जातात का, हे पाहणं म्हणूनच गरजेचं आहे. शेतकऱ्याचं म्हणणंही ऐकण्याजोगं होतं : शर्यत गेली तर हा बैल पाळायचा कशासाठी? ज्या बैलाला शेतात काम उरलं नाही, त्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र कुठल्याच निकालानं सुटलेला नाही.

आणि मग 2020 साल आलं. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तो 25 मार्चचा दिवस नेमका गुढीपाडव्याचा होता. राहुट्यांतून सुपाऱ्या सुटायच्या त्याच दिवसांत सारं ठप्प झालं. पुढचा हंगामही तसाच गेला. देवाची पूजा पुजाऱ्यानं एकट्यानं केली आणि देवाचं काही अडलं नाही. अडलं ते माणसांचं. तमाशा कलावंतांवर, पालवाल्यांवर, पाळणेवाल्यांवर उपासमारीची पाळी आली. जत्रा हा नुसता उत्सव नसून हजारो माणसांचं पोट आहे, हे त्या दोन ओसाड चैत्रांनी दाखवून दिलं. 2022 पासून जत्रा पुन्हा भरू लागल्या.

जत्रांची नोंद यापूर्वी झालीच नाही असं नव्हे. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जत्रांची माहिती आहे. 1961 च्या जनगणनेच्या निमित्तानं महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांवर स्वतंत्र खंडच निघाला. पण या नोंदी सरकारनं बाहेरून केलेल्या. गावानं स्वतः लिहिलेला इतिहास वर्गणीच्या वह्यांत, फडाच्या करारपत्रांत आणि भिंतीवरच्या पत्रकांत आहे. त्यात कुणी किती दिले, कुणाला मान मिळाला, कुणाचं नाव कधी दिसेनासं झालं, हे सारं आहे. आता पत्रकाच्या जागी मोबाइलवरचा फोटो आला. तो दोन दिवसांत पुसला जातो. वह्या माळ्यावर वाळवी खाते.

म्हणून एक विनंती. यंदा जत्रेला गावी जाल तेव्हा कमिटीतल्या जुन्या माणसाला गाठा. वही कुठं आहे ते विचारा, तिच्या पानांचे फोटो काढा, जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे एक प्रत द्या. आणि ज्यांची नावं त्या वहीत नाहीत, पण ज्यांनी मांडव घातला, वाद्यं वाजवली, रात्र जागवली, त्यांच्या घरीही जा. वहीत नसलेला हिशेब त्यांच्याकडे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)