सोलापूरचा भुईकोट : निकाहात दिला गेलेला किल्ला

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. सोलापूरचा किल्ला मात्र सपाट जमिनीवर, शहराच्या अगदी मधोमध आहे. म्हणून तो भुईकोट. शेजारी सिद्धेश्वर तलाव, बाकी बाजूंनी खंदक आणि आत एकामागे एक दोन तटबंद्या, अशी त्याची रचना. बहमनी काळात तो बांधला गेला. आज तो भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.

बहमनी सल्तनत फुटल्यावर हा किल्ला विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सरहद्दीवर आला. १५२४ मध्ये विजापूरची शहजादी मरियम हिचा निकाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला. लग्नात सोलापूर द्यायचं ठरलं होतं, पण विजापूरने ते दिलं नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत अनेक वर्षं लढाया झाल्या. पुढे विजयनगरविरुद्ध एकी करायची वेळ आली तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी हिचा निकाह अली आदिलशहाशी लावला आणि सोबत सोलापूरचा किल्ला दिला. अलीची बहीण हदिया सुलताना निजामशाही घराण्यात सून म्हणून गेली. त्यानंतर जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. हीच चांदबीबी पुढे मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवून अमर झाली.

आत खजिना काय आहे, असं मुलं हमखास विचारतात. सोनं-नाणं नाही. पण बत्तीस खांबांची जुनी इमारत आहे, बुरूज आहेत आणि उत्खननात उघडं पडलेलं कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिरही आहे. एकाच कोटात सगळ्यांचा वारसा नांदतो, हाच खरा खजिना. १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांनी हा किल्ला घेतला.

मुलांना हा किल्ला दाखवताना आम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. इस्लाममध्ये मेहर नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो. मुलीच्या बापाकडून काही घेण्याचा हक्क शरियतने कोणाला दिलेला नाही. सुलतानांनी राजकारणासाठी किल्ले दिले-घेतले आणि त्यापायी रक्त सांडलं. आज आपल्या घरांत गाडी आणि फर्निचर मागितलं जातं, आणि कर्ज काढून बाप मोडतो. सोलापूरला गेलात तर तट जरूर बघा, आणि परतताना घरात या विषयावर दोन शब्द बोला.