इंजिनाची ताकद आणि चाकाची ताकद



पेण-रोह्याकडच्या भातखाचरांत आता बैलजोड्या कमी झाल्या. पॉवर टिलर आले, ट्रॅक्टर आले. यंत्र बघायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा अश्वशक्ती सांगतो. "पस्तीस एचपी आहे, डोळे मिटून घ्या!" त्या आकड्याबरोबर किंमत चढते आणि किमतीबरोबर कर्जाचा हप्ता. पण हा आकडा इंजिनाचा असतो. नांगरापर्यंत पोचते ती ताकद त्याहून बरीच कमी. ही तफावत जुनीच आहे आणि तिचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

अश्वशक्ती आली कुठून?

जेम्स वॅट याने वाफेचं इंजिन सुधारलं, तेव्हा त्याची गिऱ्हाइकं होती खाणवाले आणि गिरणीवाले. त्यांची कामं घोडे करीत. साहजिकच ते विचारत, "तुमचं इंजिन किती घोड्यांचं काम करील?" म्हणून १७८०च्या दशकात वॅटने घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला. आपल्याकडे तेलाच्या घाण्याला बैल फिरे, तसा तिकडे गिरणीला घोडा फिरे. त्यावरून माप ठरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर वर उचलायचं, म्हणजे एक अश्वशक्ती. आपली चांगली बैलजोडी दिवसभराच्या औताला साधारण पाऊण ते एक अश्वशक्ती देते. पण ती सगळी जुवावरून इसाडाला, इसाडावरून फाळाला जाते. वाटेत गळती फार थोडी.

मोजायचं कुठे?

१८२१ साली प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने युक्ती काढली. फिरत्या दांड्याला लाकडी चिमटा आवळायचा आणि त्याच्या लांब हातावर वजन टांगून जोर मोजायचा. असा ब्रेक लावून मोजलेली ती ब्रेक हॉर्सपॉवर. इंजिनाच्या पत्र्यावर 'बीएचपी' लिहिलेलं असतं ते हेच. पण हे माप झालं इंजिनाच्या दांड्यावरचं. पुढचे गिअर, पट्टा, चाक यांचा हिशेब त्यात नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. असली इंजिनं गावोगाव पाण्यावर आणि गिरणीवर बसली. इंजिन जोरात धडधडतंय, पण पट्टा सैल झाला की जातं मंद! मग पट्ट्याला राळ लावायची. ताकद इंजिनात होती, जात्यापर्यंत पोचत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

शेतकऱ्याने करवलेला कायदा

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत ट्रॅक्टरचं पेव फुटलं. जाहिरातीत वाटेल तो आकडा छापत. नेब्रास्का राज्यातला विल्मॉट क्रोझियर हा शेतकरी असल्या ट्रॅक्टरात फसला. तो तिथला आमदारही होता. त्याने १९१९ साली कायदाच करून घेतला, की विद्यापीठाच्या चाचणीत उतरल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. चाचण्या १९२०ला सुरू झाल्या. पहिला उतरलेला ट्रॅक्टर 'वॉटर्लू बॉय'. त्याच्या नावापुढे १२-२५ असे दोन आकडे असत. पट्ट्यावर २५ अश्वशक्ती आणि ओढायला १२. म्हणजे ओढीची ताकद निम्म्याहून कमी, आणि ती उघड लिहिलेली!

आपल्या देशात १९५५ साली मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टरचं सरकारी केंद्र निघालं. तिथे आज ट्रॅक्टर आणि इतर यंत्रांची चाचणी होते.

मोटारगाड्यांतही हाच घोळ होता. अमेरिकेत पूर्वी पंखा, डायनॅमो वगैरे काढून नुसत्या इंजिनाचा आकडा छापत. १९७२पासून सगळा सरंजाम जोडून मोजू लागले. आकडे घसरले, गाडी मात्र तीच! त्यातूनही गिअरमध्ये साधारण दहा-पंधरा टक्के जातात. उरलं ते चाकाला मिळतं, आणि सुकेळीची खिंड चढते ते त्याच्यावर.

चिखलात काय होतं?

गाडीला डांबरी रस्ता असतो. आपल्या ट्रॅक्टरला चिखलणी करायची असते. ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या. मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, सुमारे ३० मिळतात. घट्ट जमिनीत नांगराच्या ओढीला सुमारे २२ उरतात. मऊ, ओल्या जमिनीत १६च्या आसपास, आणि खाचरातल्या गाळात त्याहूनही कमी. बाकी ताकद चाक जागच्या जागी फिरण्यात आणि स्वतःचं धूड चिखलातून ओढण्यात जाते. डिझेल मात्र जळतच असतं.

म्हणूनच चिखलणीला रोटाव्हेटर परवडतो. त्याला ताकद पीटीओतून थेट मिळते, चाकाच्या पकडीवर सगळं अवलंबून राहत नाही. लहानसा पॉवर टिलर खाचरात चांगलं काम देतो, त्याचंही कारण हेच. त्याची पाती इंजिनाच्याच ताकदीवर फिरतात.

तेव्हा बंधूंनो, एवढं ध्यानात ठेवा :

१. एकच आकडा ऐकून सौदा करू नका. इंजिनाची किती, पीटीओची किती आणि ओढीची किती, हे तिन्ही विचारा.

२. त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा आणि वाचून घ्या.

३. रोटाव्हेटर पीटीओच्या आकड्यावर निवडा, नांगर ओढीच्या आकड्यावर.

४. चिखलणीला लोखंडी पिंजरा-चाकं लावा. कोरड्या नांगरटीत चाकावर वजन वाढवलं तर पकड येते, चिखलात तेच वजन ट्रॅक्टर रुतवतं.

५. जमल्यास शेजारच्या गावात तेच यंत्र भाड्याने आणून चिखलणीच्या दिवसांत आपल्या खाचरात चालवून बघा.

हप्ता पूर्ण आकड्याचा भरायचा असतो. काम किती आकड्याचं होणार, हे सही करण्याआधी विचारा.