घुणाक्षरांची साक्ष

घुणाच्या कोरण्यांतून क्वचित् अक्षराचा आकार उमटतो, पण तो यदृच्छेनें. यावरूनच संस्कृतांत घुणाक्षरन्याय रूढ झाला. पोथीसंग्राहकांनीं मात्र या किड्याचें लेखन काळजीपूर्वक वाचावें, असें आमचें मत आहे. कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडते, वाळवी सबंध भाग फस्त करते. भुंगेऱ्याची अळी पानामागून पान पोखरीत आरपार जाते. त्यामुळें सुट्या पत्रांचा मोडलेला क्रम छिद्रें जुळवून पुष्कळदां लावतां येतो. दोहों बाजूंच्या पानांना असलेलें छिद्र मधल्यास नसेल, तर तें मागाहून घातल्याचा संशय रास्त ठरतो. आणि अक्षरच छिद्राला वळसा घालून गेलें असेल, तर लेखन किडीनंतरचें. मग खालीं मिती कितीही जुनी असो!

भोकें खळीनें बुजविणारे गृहस्थ हा पुरावा तर घालवितातच, शिवाय किडीस नवें अन्न पुरवितात; खळींतील पिष्ट तिला फार प्रिय. हळदीवर विसंबणेंहि व्यर्थ. साठविलेलीं हळकुंडें पोखरणारे भुंगेरेच ग्रंथांतहि शिरतात. त्यांपैकीं एकास लिनीअसनें १७५८ सालीं पावावरून नांव दिलें. १९२२ सालीं उघडलेल्या तूतनखामेनच्या थडग्यांतहि तो सांपडला. हरताळ लाविलेलीं पानें त्या मानानें बचावतात, कारण हरताळांत सोमल आहे. अशा पोथीचीं पानें उलटतांना बोट जिभेस लावूं नये, एवढें नवशिक्यांस सांगणें अवश्य आहे.