पालिकेच्या सभागृहातून गृहखात्याकडे

पोलीस कोणाचे, राजाचे की रयतेचे? भोपाळच्या इतिहासात हा प्रश्न रक्ताने लिहिला गेला आहे. १४ जानेवारी १९४९ रोजी, संक्रांतीच्या पर्वणीस, नर्मदाकाठी बोरास येथे विलीनीकरणवादी तरुणांनी तिरंगा उभारला. संस्थानच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि चार तरुण बळी पडले. देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष लोटले होते. पण भोपाळच्या शिपायाचा अखेरचा धनी नबाबच होता.

त्या वेळी दिल्लीत गृह व संस्थाने ही दोन्ही खाती सांभाळणाऱ्या वल्लभभाई पटेलांची कारकीर्द कोठे सुरू झाली, हे पाहण्याजोगे आहे. १९१७ साली ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले. गटारे, पाणी, प्लेगचा बंदोबस्त, असे ते काम. तेथे शिलिडी नावाचे गोरे सनदी अधिकारी म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांच्या मनमानीविरुद्ध वल्लभभाईंनी सभागृहात आवाज उठविला आणि अखेर शिलिडींना ती जागा सोडावी लागली. नेमलेल्या अधिकाऱ्याने निवडलेल्या सभासदांना जाब दिला पाहिजे, हा धडा त्यांनी गटारांच्या व नळांच्या कारभारात गिरविला. १९२४ ते १९२८ ते पालिकेचे अध्यक्ष होते. २ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकारात गृहखाते त्यांच्याकडे आले.

३० एप्रिल १९४९ रोजी भोपाळच्या विलीनीकरणाच्या करारावर सह्या झाल्या आणि १ जूनपासून कारभार चीफ कमिशनरकडे गेला. नबाबाची सत्ता संपली खरी. परंतु आलेला कारभारीही नेमलेलाच होता. १९५२ च्या निवडणुकीनंतर तीस सभासदांची विधानसभा भरली, शंकर दयाळ शर्मा यांचे मंत्रिमंडळ आले, आणि मगच पोलिसांच्या वर्तनाचा जाब विचारण्यास लोकांनी निवडलेले सभागृह मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले.

मात्र वल्लभभाईंच्या चरित्राची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. शिलिडींना हटविणाऱ्या याच पुरुषाने ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सनदी व पोलीस सेवांना घटनेचे संरक्षण असावे, असा आग्रह धरला. अधिकाऱ्याने मंत्र्यापुढे निर्भयपणे मत मांडावे आणि मंत्र्याने ते ऐकावे, ही त्यांची भूमिका. यात विसंगती नाही. अंकुश लोकांचा असावा. परंतु माहुताने तो हत्तीला वाट दाखविण्यासाठी वापरावा, शेजाऱ्याचे शेत तुडविण्यासाठी नव्हे.

हा तोल साधणे कठीणच ठरले. १८६१ चा पोलीस कायदा स्वराज्यातही दीर्घकाळ पाया राहिला. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग, पोलीसप्रमुखास किमान दोन वर्षांची मुदत आणि तक्रार प्राधिकरणे यांचे आदेश दिले. इंग्लंड-वेल्सने २०१२ साली देखरेखीचा अधिकारीच मतदानाने निवडण्याची वाट धरली, आणि त्या पदांवर नगरपालिकांतून आलेली कित्येक माणसे बसली. भोपाळात डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालय आले. दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकार पोलिसांच्याच हाती गेले. अधिकार वाढले, तेव्हा जाब विचारणाराही तितकाच जागरूक हवा. बोरासच्या चौघांचे स्मरण याहून वेगळे काय असू शकेल?